डॅशहंड आणण्याआधी त्याचा कणा समजून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत घरात पाळण्याजोग्या छोट्या कुत्र्यांवर लेख आला होता. त्यात डॅशहंडवर चार ओळी होत्या. आकाराने लहान, खर्चाला कमी, राखणीला चोख, मुलांना आवडणारा. यातलं काहीच खोटं नाही. पण कोकणातल्या माणसाला या कुत्र्याबद्दल जे सगळ्यात आधी कळायला हवं, ते त्यात नव्हतं. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण कण्याचा मजकूर तेवढा राहू द्यावा ही विनंती.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. नोकरी सगळी दापोली, मंडणगड, गुहागर या तालुक्यांत झाली, त्यातली बरीचशी श्रेणी दोनच्या दवाखान्यांत. काम गुरांचं: लाळ्या-खुरकुताची लस, घटसर्पाची लस, कृत्रिम रेतन, अडलेली गाय. कुत्रं दवाखान्यात यायचं ते पिसाळल्याच्या संशयाने, नाहीतर डुकराने फाडलेलं. आता चित्र पालटलं आहे. चाकरमान्यांनी मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये हौसेने घेतलेली कुत्री गावी आईवडिलांकडे येऊन राहिली आहेत. लॉकडाऊननंतर तर फार. किनाऱ्यावर घरोघरी होमस्टे झाले, तिथेही पाहुण्यांना आवडतं म्हणून कुत्रं आलं. या सगळ्यांत डॅशहंड माझ्या विशेष जिव्हाळ्याचा. आमच्या घरी सध्या आहे ती दुसरी. पहिली चौदा वर्षं जगली आणि शेवटपर्यंत चारही पायांवर चालली. नीट सांभाळलं तर हा कुत्रा दीर्घायुषी आहे, हे मी स्वतःच्या ओटीवर पाहिलेलं आहे.

ही जात जर्मन शिकाऱ्यांनी घडवली. युरोपात बॅजर नावाचा एक प्राणी बिळं करून राहतो. अंगाने दणकट, नख्या मोठ्या, चावा वाईट. त्याच्या बिळात शिरून, अंधारात त्याच्याशी एकट्याने झुंजेल आणि वर उभ्या असलेल्या मालकाला भुंकून जागा कळवेल असा कुत्रा त्यांना हवा होता. म्हणून पाय आखूड, छाती खोल, पंजे रुंद आणि आवाज अंगाच्या मानाने केवढा तरी मोठा. पुढे सशाच्या बिळासाठी त्याहून लहान वाण काढला. 1840 च्या दशकात व्हिक्टोरिया राणी आणि तिचा नवरा अल्बर्ट यांच्यामुळे तो इंग्लंडच्या राजवाड्यात गेला. 1881 मध्ये इंग्लंडात या जातीचा क्लब निघाला आणि 1888 मध्ये खुद्द जर्मनीत. म्युनिकच्या ऑलिंपिकचा शुभंकर ‘वाल्डी’ हाही डॅशहंडच. ते साल 1972, आमच्या दापोलीचं कृषी विद्यापीठ सुरू झालं तेच.

हा इतिहास अशासाठी सांगतो, की लोक याला मांडीवरचा कुत्रा समजून आणतात आणि महिन्याभरात तक्रार घेऊन येतात. आगरात आळी उकरतो, गडग्याखाली तोंड घालतो, घुशीच्या बिळापासून हलत नाही, हाक मारली तर ऐकत नाही. ऐकणार कसा? बिळात शिरल्यावर मालकाचं न ऐकता स्वतःच्या बुद्धीने वागणाराच कुत्रा शिकाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवडला. आपल्याकडे गडग्याच्या सांदीत फुरसं असतं, ते याला ठाऊक नाही. पावसाळा सरता सरता आणि गवत वाळायला लागलं की त्याला आगरात मोकळा सोडू नये. फुरसं चावलंच तर मंत्र-मुळीत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. माणसाला देतात तेच सर्पविषावरचं इंजेक्शन कुत्र्यालाही चालतं.

आता रूपाबद्दल. केस तीन प्रकारचे: आखूड गुळगुळीत, लांब रेशमी आणि राठ दाढीवाला. आपल्याकडे दिसतो तो बहुतेक आखूड केसांचा, काळ्यावर तांबूस खुणा असलेला किंवा अख्खा तांबडा. आमच्या दमट हवेत तोच बरा. जर्मनीत लहान-मोठा वाण ठरवताना वजनापेक्षा छातीचा घेर मोजतात. आणि एक माप तिथल्या नियमांत स्पष्ट दिलेलं आहे, ते पिल्लू घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. खांद्यापाशी कुत्र्याची जेवढी उंची, तिच्या साधारण एक तृतीयांश अंतर छाती आणि जमीन यांच्यात मोकळं हवं. अंगाची लांबी उंचीच्या पावणेदोन पटीच्या आसपास, त्याहून जास्त नको. म्हणजे ज्यांनी ही जात घडवली त्यांनाही जमिनीला घासत चालणारा कुत्रा नको होता. आमच्याकडे मात्र ‘जेवढा लांब तेवढा अस्सल’ अशी समजूत पसरली आहे आणि विक्रेते तीच जोपासतात. छातीखालून मूठ जाणार नाही असे नर पैदाशीला वापरलेले मी पाहिले आहेत. त्यांची पिल्लं जास्त भावाने जातात.

आखूड पाय ही निव्वळ ठेवण नाही. एका जनुकाची जादा प्रत या जातीत शिरलेली आहे, तिच्यामुळे पायांची लांब हाडं वेळेआधी वाढायची थांबतात. हे 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. 2017 मध्ये त्याच जनुकाची आणखी एक प्रत दुसऱ्या गुणसूत्रावर सापडली, आणि मणक्यांचं दुखणं तिच्याशी जोडलेलं निघालं. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिचा गाभा मऊ, पाणीदार असतो, धक्का सोसायला. डॅशहंडमध्ये हा गाभा वयाच्या पहिल्या वर्षापासूनच सुकायला लागतो, शहाळ्यातली मलई घट्ट होत होत तिचं खोबरं व्हावं तसा. पुढे त्यात चुना साठतो. मग एखाद दिवशी एका उडीने चकतीचं वरचं आवरण फाटतं आणि तो कडक गाभा थेट मज्जारज्जूवर जाऊन आदळतो. डॅशहंडांपैकी साधारण चार-पाचांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. वय बहुतेक तीन ते सात, म्हणजे भर तारुण्यात.

आणि आपली घरं पाहा. जांभ्याचं उंच जोतं, ओटीला चार-पाच पायऱ्या, त्याही उंच. घरात सारवणाच्या जागी आता गुळगुळीत फरशी. ओटीवर झोपाळा. डॅशहंडला माणसाच्या शेजारी बसायची भारी आवड, तो झोपाळ्यावर चढणारच. चढताना कोणीतरी उचलून घेतं, उतरताना तो स्वतः उडी मारतो, आणि झोपाळा तेवढ्यात मागे गेलेला असतो.

शेजारच्या वाडीतली चंपा अशीच पडली. तांबडी, पाचेक वर्षांची, अंगाने जरा भरलेली. सकाळी उडी मारली तेव्हा नुसती केकाटली. दुपारी पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात बसली, जेवली नाही. संध्याकाळी मागचे पाय झोकांड्या खायला लागले तेव्हा मला बोलावणं आलं. मी पोचलो तर घरातल्या आजी तेल कोमट करून बसलेल्या. “डॉक्टर, कंबर लचकलीय तिची. चोळून ओढून बसवू काय?” मी म्हटलं, “आजी, तेल राहू दे. तिला हात लावू नका.” गावात पर्यवेक्षकालाही डॉक्टरच म्हणतात.

तिच्या पोटाखाली हात देऊन तिला उभं धरलं. मागचा डावा पंजा उचलून उलटा टेकवला, म्हणजे बोटांची वरची बाजू जमिनीला लागेल असा. धडधाकट कुत्रं तो पंजा क्षणात सरळ करून घेतं. चंपाने केला नाही, तसाच मुडपलेला राहिला. उजवा केला, पण सावकाश. मग चिमट्याने मागच्या पायाचं बोट दाबलं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. दाबल्यावर पाय आखडला म्हणजे संवेदना शाबूत आहे असं नव्हे. तुटक्या मज्जारज्जूच्या कुत्र्याचाही पाय आखडतो. कुत्र्याने मान वळवून बघितलं पाहिजे, विव्हळलं पाहिजे, चावायला आलं पाहिजे. चंपाने झटकन मान वळवली आणि माझ्या मनगटावर दात टेकवले. मला हायसं वाटलं. दुखल्याची खबर मेंदूपर्यंत पोचत होती.

ती खबर पोचत नसेल, तर मात्र घड्याळाकडे बघायचं. अशा कुत्र्याला शस्त्रक्रिया लागते, आणि ती जितकी लवकर, शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत, तितकी बरी. एवढं करूनही त्यांतले निम्मेच पुन्हा चालू लागतात. शस्त्रक्रिया न झालेल्यांत तर अगदी थोडे. आमच्या किनाऱ्यावरून मुंबई सहा-सात तासांवर. त्या आधी कोणता तज्ज्ञ, कोणतं रुग्णालय, एमआरआय किंवा सीटी स्कॅन कुठे होतं, खर्च किती, ही चौकशी ज्याच्या घरी डॅशहंड आहे त्याने कुत्रं धट्टंकट्टं असतानाच करून ठेवावी. न्यायचं तर फळीवर किंवा आंब्याच्या पेटीत चादर घालून, आडवं, न वाकवता. स्कूटरच्या पायाशी उभं करून अजिबात नाही.

चंपाचं दुखणं त्या थराला गेलं नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि चार आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली. विश्रांती म्हणजे दाराशी बांधून ठेवणं नव्हे. कोंबड्यांचं मोठं खुराडं धुऊन, उन्हात तापवून घेतलं, तळाशी गोणपाट घातलं आणि चंपा त्यात. उठता येईल, वळता येईल, एवढीच जागा. बाहेर काढायची ती फक्त शी-शूला, पोटाखाली टॉवेलची झोळी धरून. दहाव्या-बाराव्या दिवशी तिला बरं वाटायला लागलं, भुंकायला लागली, आणि घरच्यांना तिची दया येऊ लागली. हाच काळ धोक्याचा. दुखणं थांबतं ते औषधाने. चकतीचं फाटलेलं आवरण सांधायचं असतं. आजींनी त्या दिवसांत खुराड्यापाशी बसून तांदूळ निवडले, पण दार उघडलं नाही. आज चंपा मागून थोडी फेंगडी चालते, पण चालते.

औषधाबद्दल एकच सांगतो. घरातली माणसाची वेदनाशामक गोळी, मग ती कोणतीही असो, कुत्र्याला देऊ नये. जठराला व्रण पडतात, मूत्रपिंड जातं. आणि एका डॉक्टरने स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर दुसऱ्याकडे जाताना ते आवर्जून सांगावं. स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र पोटात गेल्याने रक्ताची उलटी होऊन कुत्री दगावतात.

मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला बऱ्याचदा लघवीही करता येत नाही. हे कोणी सांगत नाही. मूत्राशय भरतो, मग थेंब थेंब गळतो, आणि घरच्यांना वाटतं होतेय की. आतून तो तट्ट फुगलेला असतो, जंतू वाढतात, आणि कुत्रं त्या संसर्गाने मरतं. दिवसातून तीन-चार वेळा दोन्ही बाजूंनी पोटावर तळहाताने सावकाश दाब देऊन लघवी काढावी लागते. शिकायला पाच मिनिटं लागतात.

माझा खरा राग पैदाशीच्या धंद्यावर आहे. आमच्या भागात पिल्लं मोबाइलवर फोटो दाखवून विकली जातात आणि एसटी स्टँडवर खोक्यात घालून हातात दिली जातात. आई दाखवत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात एक कुटुंब असंच पिल्लू घेऊन माझ्याकडे आलं. पांढरट अंग, त्यावर करडे ढगाळ ठिपके, एक डोळा निळा आणि दुसरा वाटाण्याएवढा बारीक. वय सांगितलं होतं दोन महिने. दात बघितले तर पाच आठवड्यांच्या पुढे नसावं. “झोपाळू आहे हो, हाकेला उठत नाही,” बाई कौतुकाने सांगत होत्या. मी त्याच्या पाठीमागे जाऊन स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवला. शेजारच्या पडवीतलं मांजर पळालं, पिल्लाचा कानही हलला नाही. ते जन्मतःच बहिरं होतं.

हा ठिपक्यांचा रंग, विक्रेते त्याला डॅपल म्हणतात, एका जनुकामुळे येतो. आईबापांपैकी एकच डॅपल असेल तर सहसा काही बिघडत नाही. दोघंही डॅपल असले तर सरासरी चारांतल्या एका पिल्लाला ते जनुक दोन्हीकडून मिळतं, आणि बहिरेपण, आंधळेपण, खुरटे डोळे त्यातून येतात. हे जगभर माहीत आहे. ब्रिटनच्या केनल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, अशा जोडीच्या पिल्लांची नोंदणीच बंद केली आहे. आमच्याकडे मात्र ‘डबल डॅपल’ म्हणून चढ्या भावाची जाहिरात होते. हे जाणूनबुजून अपंग जीव जन्माला घालणं आहे, याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

कण्याचंही तसंच. ती जनुकाची प्रत डॅशहंडांत जवळजवळ सर्वांमध्येच असल्याने नुसत्या रक्ततपासणीने निवड करता येत नाही. पण चुना साठलेल्या चकत्या एक्स-रेत दिसतात. डेन्मार्क, फिनलंड या देशांत दोन ते चार वर्षांच्या वयात पाठीचा एक्स-रे काढून चकत्या मोजतात, आणि ज्याच्या जास्त खराब त्याला पैदाशीला वापरत नाहीत. ज्या कुत्रीची पिल्लं हजारो रुपयांना विकायची, तिचा एक एक्स-रे काढणं कोणाला जड जाऊ नये. केसीआयचे, म्हणजे आपल्याकडच्या केनल क्लब ऑफ इंडियाचे, कागद आहेत एवढ्यावर भुलू नका. कागद वंशावळ सांगतात, तब्येत सांगत नाहीत. आईबाप समोर बघावेत, त्यांना पायरी चढताना-उतरताना बघावं, त्यांच्या आईबापांना पाठीचं दुखणं झालं होतं का हे विचारावं. टाळाटाळ झाली तर तसंच परत यावं.

कायदा नाही असंही नाही. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांवर केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, दीड वर्षाच्या आतल्या मादीला जोडा देता येत नाही. पाळलेलं जनावर उपाशीतापाशी मरायला सोडून देणं हा तर 1960 च्या कायद्यानेच गुन्हा आहे. तरीही पर्यटनाचा हंगाम संपला की किनाऱ्यावर मागचे पाय ओढत फिरणारा एखादा डॅशहंड दिसतोच. बिबट्याला तो एका झडपेत मिळतो.

रोजच्या सांभाळाचं थोडक्यात. बोटांनी बरगड्या चाचपता आल्या पाहिजेत. येत नसतील तर भात कमी करा. होमस्टेतल्या पाहुण्यांना ताटातलं घालू देऊ नका, खारवलेली सुकी मासळी तर नकोच. पायऱ्यांवर पोफळीच्या रिपांचा उतार ठोकून त्यावर काथ्याचं पायपुसणं टाका. फरशीवर सतरंजी. गळ्यात पट्टा नको, छातीभोवतीचा घाला. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी. पावसात लोंबते कान आतून ओले राहून सडतात, ते रोज कोरडे करा. गोचिडांचं औषध आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लस चुकवू नका. आपल्या शेताच्या पाण्यात लेप्टो आहे हे आपल्याला माणसांच्या अनुभवावरून माहीतच आहे.

जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाला माझी विनंती आहे. जिल्ह्यात कुत्र्यांची पैदास करणारे नोंदणीकृत कोण, याची यादी प्रत्येक तालुका दवाखान्याच्या फळ्यावर लावावी. ज्याचं नाव फळ्यावर नाही त्याच्याकडून लोकांनी पिल्लू घेऊ नये. आणि आपल्या वृत्तपत्राने पाळीव प्राण्यांच्या छोट्या जाहिराती घेताना नोंदणी क्रमांक मागावा, तो जाहिरातीत छापावा.

ज्यांच्या घरी पाय गेलेला डॅशहंड आहे आणि लघवी कशी काढायची हे शिकायचं आहे, त्यांना मी दाखवीन. पैसे लागणार नाहीत. दापोली तालुक्यात कुठेही येईन. माझा पत्ता आणि दूरध्वनी आपल्या कार्यालयात दिला आहे, विचारणाऱ्याला तो जरूर द्यावा.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. दापोली, जि. रत्नागिरी